वनस्पतींची मृदा प्रदूषण सहनशीलता

मातीत साठलेल्या जड धातू, क्षार, खनिज तेल, कीटकनाशकांचे अवशेष यांसारख्या अपायकारक द्रव्यांच्या सान्निध्यात जगण्याची, वाढण्याची व बीजधारणा करण्याची वनस्पतीची क्षमता म्हणजे मृदा प्रदूषण सहनशीलता होय. प्राण्याप्रमाणे वनस्पतीला जागा बदलता येत नाही. त्यामुळे मातीत जे असेल त्याला तिने मुळाशीच अडवावे लागते किंवा आत घेऊन निरुपद्रवी करावे लागते. सर्व सहनशील वनस्पती या दोन मार्गांपैकी एकाचा किंवा दोहोंचा अवलंब करतात.

सहनशीलता हा वनस्पतीचा गुण आहे, मातीच्या निर्मळपणाचा पुरावा नव्हे. दूषित जमिनीत हिरवीगार व टवटवीत वाढलेली पालेभाजी धातू मुळाशी अडवत असेल, तसाच तो पानांत साठवतही असेल. या दोन्ही शक्यता नुसत्या डोळ्यांनी वेगळ्या ओळखता येत नाहीत. शेती, अन्नसुरक्षा व पर्यावरण या तिन्ही क्षेत्रांत या विषयाला महत्त्व येते ते यामुळेच. महाराष्ट्राच्या किनारपट्टीवर, विशेषतः पालघर जिल्ह्यातील वसई-विरार परिसरात, खारफुटीची वने, खार जमिनीतील भातशेती, भाजीपाल्याच्या वाड्या व वाढते नागरीकरण एकमेकांस लागून असल्याने सहनशीलतेचे विविध प्रकार थोड्या अंतरात पाहावयास मिळतात.

प्रदूषके व त्यांचे स्वरूप

मृदा प्रदूषकांचे स्थूलमानाने तीन गट पडतात. पहिल्या गटात शिसे, कॅडमियम, पारा, क्रोमियम, निकेल, तांबे, जस्त हे धातू व आर्सेनिक हा धातुसदृश पदार्थ येतो. त्यांपैकी तांबे, जस्त व निकेल ही वनस्पतीला अल्प प्रमाणात आवश्यक असणारी पोषकद्रव्ये आहेत. प्रमाण वाढले की तीच विषारी ठरतात. शिसे, कॅडमियम व पारा यांचा वनस्पतीला सामान्यतः काहीही उपयोग नसतो. धातूचे विघटन होत नाही, म्हणून एकदा मातीत आलेला धातू अनेक दशके तेथेच राहतो. भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २००० साली बंद झाली. परंतु वर्दळीच्या जुन्या रस्त्यांलगतच्या मातीत त्यापूर्वी साचलेले शिसे अशा बंदीने नाहीसे होत नाही.

दुसऱ्या गटात खनिज तेल, द्रावके, कीटकनाशके अशी सेंद्रिय द्रव्ये येतात. सूक्ष्मजीवांच्या क्रियेने त्यांपैकी बहुतेकांचे कमीअधिक वेगाने विघटन होते. तिसरा गट क्षारांचा. समुद्रकाठच्या जमिनीतील नैसर्गिक क्षारता हे प्रदूषण मानले जात नाही. मात्र भूजलाचा अतिउपसा, सदोष सिंचन किंवा औद्योगिक सांडपाणी यांमुळे गोड जमीन खारी होते तेव्हा ती मानवनिर्मित अवनती ठरते. वनस्पतीच्या दृष्टीने दोन्ही प्रकारच्या क्षारतेचा परिणाम सारखाच असतो.

मातीतील धातूचे एकूण प्रमाण व वनस्पतीला उपलब्ध होणारे प्रमाण यांत मोठा फरक असतो. आम्लधर्मी मातीत, म्हणजे सामू कमी असताना, बहुतेक धातू अधिक विरघळतात. चिकणमाती, लोहाची ऑक्साइडे व सेंद्रिय पदार्थ धातूंना धरून ठेवतात. पाणी साचलेल्या भातखाचरात कॅडमियम गंधकाशी बांधला जाऊन त्याची उपलब्धता घटते. त्याच खाचरात आर्सेनिक मात्र लोहाच्या बंधनातून सुटून अधिक उपलब्ध होते. त्यामुळे एका प्रदूषकासाठी केलेला उपाय दुसऱ्या प्रदूषकाच्या बाबतीत उलट ठरू शकतो.

मुळांतून होणारा प्रवेश

मुळांच्या पेशींच्या पटलात ठरावीक पोषकद्रव्ये आत घेणारी वाहक प्रथिने असतात. अनेक विषारी द्रव्ये रासायनिक साधर्म्यामुळे याच मार्गांनी आत शिरतात. कॅडमियम हा जस्त, लोह व मँगनीज यांच्या वाहकांतून प्रवेश करतो. आर्सेनेट हे फॉस्फेटसारखे दिसत असल्याने फॉस्फेटच्या वाटेने जाते. भाताच्या मुळांत सिलिकॉन आत घेणारी जी वाट असते, तीतून आर्सेनाइटही आत येते. भाताला सिलिकॉनची गरज मोठी असल्यामुळे ही वाट रुंद असते. इतर तृणधान्यांच्या तुलनेत भातात आर्सेनिक अधिक आढळण्याचे हे एक कारण आहे; खाचरात साचलेले पाणी हे दुसरे.

शिसे मुळांच्या पेशीभित्तिकेला घट्ट चिकटते व सहसा वर चढत नाही. पालेभाजीच्या पानांवर आढळणारे शिसे बरेचदा धुळीतून बाहेरून बसलेले असते. कॅडमियम मात्र मुळांतून खोडात व खोडातून पानांत सहज पोहोचतो.

इजा व लक्षणे

प्रदूषणाचा पहिला आघात मुळांच्या टोकांवर होतो. त्यांची लांबी खुंटते, ती जाड व तपकिरी होतात आणि मूलरोम कमी होतात. रोपाच्या मुळांची वाढ मोजणे ही सहनशीलता तपासण्याची जुनी व सोपी पद्धत यावरच आधारलेली आहे. जमिनीवरील भागात पाने पिवळी पडणे, शिरांमधील भाग फिका होणे, कडा करपणे व झाड खुरटे राहणे ही लक्षणे दिसतात. लोह किंवा मॅग्नेशियमच्या कमतरतेतही हीच लक्षणे दिसत असल्याने केवळ पानांवरून प्रदूषणाचे निदान करता येत नाही.

पेशीच्या आत धातूचे आयन प्रथिनांतील गंधकयुक्त गटांना चिकटून त्यांचे कार्य थांबवतात. काही धातू हरितद्रव्याच्या रेणूतील मॅग्नेशियमची जागा घेतात व प्रकाशसंश्लेषण मंदावते. ऑक्सिजनची अतिक्रियाशील रूपे निर्माण होऊन पेशीपटलांची हानी होते. त्यांना निष्प्रभ करणाऱ्या विकरांचे प्रमाण वनस्पती वाढवते. हा बहुतेक सर्व ताणांना मिळणारा समान प्रतिसाद आहे.

क्षारतेचा आघात दोन टप्प्यांत होतो. मातीतील पाणी खारे झाल्याने मुळांना ते ओढून घेणे कठीण जाते व ओलसर जमिनीतही झाड तहानलेले राहते. हा परिणाम तत्काळ दिसतो. काही दिवसांनी वा आठवड्यांनी सोडियम व क्लोराइड जुन्या पानांत विषारी पातळीला पोहोचतात आणि ती पाने कडेपासून वाळू लागतात.

सहनशीलतेचे मार्ग

*वर्जन*

प्रदूषकाला आत येऊ न देणे किंवा मुळांतच थोपवणे याला वर्जन म्हणतात. काही वनस्पती मुळांतून सेंद्रिय आम्ले बाहेर सोडतात व ती धातूला मातीतच बांधतात. गव्हाच्या सहनशील वाणांच्या मुळांतून पाझरणारे मॅलिक आम्ल आम्लधर्मी जमिनीतील ॲल्युमिनियमला याच रीतीने निष्प्रभ करते. मुळांशी सहजीवन करणाऱ्या बुरशा, म्हणजे कवकमूले, धातूचा काही भाग स्वतःच्या तंतूंत अडवतात. मुळाच्या आतील अंतस्त्वचा हा थर मेणासारख्या द्रव्याने बंद असल्याने तो गाळणीचे काम करतो.

दलदलीतील वनस्पती पानांतून आलेला ऑक्सिजन मुळांभोवती सोडतात. त्यामुळे मातीतील विरघळलेल्या लोहाचे मुळांवर तांबूस पुट बसते. भाताचे रोप उपटल्यावर मुळांवर दिसणारा गंजासारखा रंग तो हाच. या पुटात आर्सेनिकसह इतर अनेक धातू अडकून राहतात.

*बंदिस्ती*

आत शिरलेल्या धातूला पेशी मोकळा राहू देत नाही. १९८५ मध्ये ग्रिल, विन्नाकर व झेंक या शास्त्रज्ञांनी कॅडमियम दिलेल्या वनस्पतीपेशींतून गंधकयुक्त लहान पेप्टाइडे वेगळी केली व त्यांना 'फायटोकेलॅटिन' हे नाव दिले. त्यांनी या कामासाठी वापरलेल्या पेशी भारतीय वैद्यकात प्रसिद्ध असलेल्या सर्पगंधा या वनस्पतीच्या होत्या. फायटोकेलॅटिन ग्लुटाथायोनपासून तयार होते, धातूच्या आयनाला चिमट्यासारखे पकडते आणि तो जुडगा पेशीतील रिक्तिकेत नेऊन टाकला जातो. रिक्तिका ही पेशीतील द्रवाने भरलेली मोठी पोकळी असून तेथे नाजूक रासायनिक क्रिया चालत नसल्यामुळे विष साठवण्यास ती सोयीची ठरते.

हे काम मुळांच्या पेशींत झाले तर धातू मुळांतच राहतो. भाताच्या काही वाणांत कॅडमियमला मुळांच्या रिक्तिकांत ढकलणारे प्रथिन कार्यक्षम असते व त्यांच्या दाण्यांत कॅडमियम कमी उतरतो. ज्या वाणांत ते प्रथिन निकामी असते, त्यांच्या दाण्यांत तो अधिक सापडतो. दोन्ही वाणांची रोपे शेतात सारखीच निरोगी दिसू शकतात.

*संचयन*

काही थोड्या वनस्पती धातूला अडवण्याऐवजी वेगाने वर ओढून पानांत साठवतात. त्यांना अतिसंचयी वनस्पती म्हणतात. पानांच्या सुक्या वजनात दर किलोग्रॅममागे निकेल १,००० मिलिग्रॅमपेक्षा किंवा कॅडमियम १०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असल्यास वनस्पती या वर्गात गणली जाते. न्यू कॅलेडोनिया बेटावरील एका वृक्षाचा चीक निकेलमुळे निळसर हिरवा दिसतो व सुकवल्यावर त्याच्या वजनाचा सुमारे चौथा भाग निकेल असतो. प्टेरिस व्हिटाटा हे नेचे पानांत आर्सेनिकचा अतिसंचय करते, हे २००१ साली अमेरिकेतील फ्लोरिडा येथील दूषित जागेवरच्या अभ्यासातून प्रसिद्ध झाले. चुना असलेल्या जुन्या भिंतींवर उगवणारे हे नेचे भारतातही आढळते. पानांत विष साठवल्याने किडींपासून संरक्षण मिळते, हा अतिसंचयाचा एक संभाव्य लाभ मानला जातो.

क्षारता सहनशीलता

*खारफुटी*

वसईची खाडी, सोपाऱ्याची खाडी व वैतरणेचे मुख या भागांत भरती-ओहोटीच्या पट्ट्यात खारफुटी वाढते. कांदळाची मुळे पाणी घेतानाच बहुतांश मीठ गाळून बाहेर ठेवतात. तिवर, काजळा व मारांडी यांच्या पानांवर मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात. कोरड्या दिवशी तिवराच्या पानांवर मिठाचे कण हाताला लागतात. मोरस या मांसल पानांच्या लहान वनस्पतीत मीठ पेशींच्या रिक्तिकांत साठवले जाते आणि उरलेल्या पेशीरसाचा समतोल प्रोलीन, ग्लायसिन बीटेन यांसारख्या निरुपद्रवी द्रव्यांनी राखला जातो. पांढरी चिपी या खारफुटीच्या प्रजातीला महाराष्ट्र शासनाने २०२० साली राज्य कांदळवन वृक्षाचा दर्जा दिला.

खारफुटीच्या चिखलात ऑक्सिजन नसतो. तेथे तयार होणारी सल्फाइडे अनेक धातूंना न विरघळणाऱ्या रूपात बांधतात. मुळांवरील लोहाचे पुट त्यात भर घालते. तिवर तांबे व जस्त यांचा मोठा भाग मुळांत अडवतो आणि पानांत पोहोचलेल्या अंशापैकी थोडा मीठग्रंथींतून बाहेर टाकतो. वसईची खाडी म्हणजे उल्हास नदीचे मुख होय. या नदीच्या व तिच्या वालधुनी या उपनदीच्या खोऱ्यात बदलापूर, अंबरनाथ व उल्हासनगर ही औद्योगिक शहरे आहेत. अशा खाडीत खारफुटीचा चिखल प्रदूषकांचे साठवणस्थान बनतो. खारफुटी तोडून तो चिखल उकरला किंवा कोरडा पडू दिला, की हवेच्या संपर्काने सल्फाइडांचे ऑक्सिडीकरण होते, आम्लता वाढते व बांधलेले धातू पुन्हा मोकळे होतात. म्हणून खारफुटीच्या नाशाने केवळ झाडे जात नाहीत, तर अनेक वर्षांचा साठा पाण्यात परत येऊ शकतो. खारफुटीची तोड हा नागरिकांच्या जीविताच्या मूलभूत हक्काचा भंग आहे, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये दिला.

*खार जमिनीतील भात*

बांध घालून समुद्राचे पाणी अडवलेल्या भूभागास कोकणात खार जमीन किंवा खाजण म्हणतात. पावसाळ्यातील मुसळधार पाऊस मातीच्या वरच्या थरातील मीठ धुऊन काढतो आणि त्या काळात भाताचे एक पीक घेता येते. पाऊस संपताच खालचे खारे पाणी केशाकर्षणाने वर चढते व उन्हाळ्यात जमिनीवर पांढरे पापुद्रे दिसतात. बांध फुटल्यास अशी जमीन पूर्ववत होण्यास काही पावसाळे जावे लागतात. या बांधांची देखभाल व जमिनींचे संरक्षण यांसाठी महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियम, १९७९ लागू आहे.

मातीच्या संपृक्त अर्काची विद्युत वाहकता प्रति मीटर ४ डेसीसायमनपेक्षा अधिक असल्यास ती क्षारयुक्त समजली जाते. सर्वसाधारण भाताचे उत्पादन ३ डेसीसायमनपासूनच घटू लागते; घेवड्याचे १ पासूनच घटू लागते, तर कापूस सुमारे ७.७ पर्यंत सोसतो. भात स्वतः फारसा क्षारसहिष्णू नसूनही खार जमिनीत पिकतो, याचे श्रेय पावसाइतकेच स्थानिक वाणांना आहे. काळा राता व भुरा राता हे कोकणातील तांबड्या दाण्यांचे भात या गुणासाठी ओळखले जातात. केरळातील पोक्काळी व गोव्यातील कोरगुट हे त्यांचे सधर्मी होत. डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेल येथील खार जमीन संशोधन केंद्राने पनवेल-१, पनवेल-२ व पनवेल-३ हे क्षारसहिष्णू वाण विकसित केले आहेत.

सहनशील भाताच्या मुळांत व खोडात सोडियम परत ओढून घेणारे वाहक प्रथिन असते. प्रकाष्ठातून वर चढणाऱ्या रसातील सोडियम ते काढून घेते, त्यामुळे पानांत पोटॅशियमचे प्रमाण टिकून राहते. पोक्काळीच्या गुणसूत्रातील या गुणाशी निगडित भाग शोधण्यात आला असून संकराद्वारे तो अनेक उत्पादनक्षम वाणांत आणला गेला आहे.

सहनशीलतेची उत्क्रांती

सहनशीलता हा काही वनस्पतींत संपूर्ण प्रजातीचा गुण असतो, तर काहींत ठरावीक ठिकाणच्या गटांपुरता मर्यादित असतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ अँथनी ब्रॅडशॉ व त्यांचे सहकारी यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वेल्समधील जुन्या खाणींच्या ढिगाऱ्यांवर उगवलेल्या गवतांचा अभ्यास केला. ढिगाऱ्यावरील गवत तांबे किंवा शिसे सोसत होते. काही मीटरवरील कुरणातले त्याच प्रजातीचे गवत त्या मातीत मरत होते. सामान्य कुरणातील बियांतही हजारात एखाददुसरे रोप सहनशील निघते व दूषित मातीत तेवढेच टिकून पुढची पिढी निर्माण करते. नैसर्गिक निवड काही दशकांतच घडून येते, याचे हे उदाहरण पाठ्यपुस्तकांत सर्वत्र दिले जाते.

या गुणाची किंमत असते. सहनशील गवत निर्मळ जमिनीत इतरांशी स्पर्धा करताना मागे पडते. शिवाय सर्वच प्रजातींच्या साठ्यात असा गुण नसतो. त्यामुळे प्रदूषित जमिनीवर थोड्याच प्रजाती उरतात व वनस्पतिवैविध्य घटते.

वसई-विरार परिसर

वसई-विरार शहर महानगरपालिकेची स्थापना २००९ साली झाली आणि २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन हा भाग पालघर जिल्ह्यात आला. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक होती. पूर्वेस तुंगारेश्वरचे डोंगर, दक्षिणेस वसईची खाडी व उत्तरेस वैतरणा नदी असलेल्या या भूभागात पश्चिमेकडील आगाशी, नंदाखाल, निर्मळ, भुईगाव, वाघोली या गावांच्या वाड्या केळी, पानवेल, फुले व भाजीपाला यांसाठी पिढ्यानपिढ्या प्रसिद्ध आहेत. केळी सुकवून केलेली वसईची सुकेळी ही येथील खास ओळख. पूर्वेकडे वालीव, सातिवली व गोखिवरे भागांत लहान उद्योगांच्या वसाहती आहेत.

पश्चिम पट्ट्यातील शेती रेताड जमिनीखालील गोड पाण्याच्या थरावर अवलंबून आहे. हा थर खालील खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. गोड व खाऱ्या पाण्याच्या घनतेतील फरकामुळे समुद्रसपाटीच्या वर १ मीटर गोडे पाणी असल्यास तिच्या खाली सैद्धांतिक दृष्ट्या सुमारे ४० मीटर गोडे पाणी असते. याचा दुसरा अर्थ असा की विहिरींतील पातळी कायमची १ मीटरने उतरल्यास खाऱ्या पाण्याची सीमा कित्येक पट वर सरकते. वाड्यांमधील बावखले, म्हणजे पावसाचे पाणी साठवून जमिनीत मुरवणारी छोटी तळी, हा समतोल राखत आली. नागरीकरणात अनेक बावखले बुजवली गेली आणि टँकरद्वारे शहरासाठी पाण्याचा उपसा वाढला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखालील हरित वसई संरक्षण समितीने या उपशाविरुद्ध व बेसुमार नागरीकरणाविरुद्ध आंदोलन केले.

विहीर मचूळ झाली की पिकांचा क्रम बदलतो. क्षारतेला सर्वांत आधी घेवडा व गाजरासारखी पिके बळी पडतात; केळीच्या पानांच्या कडा करपतात; नारळ दीर्घकाळ तग धरतो. एखाद्या वाडीत केळी जाऊन केवळ नारळ उरला, तर त्यामागे मजुरी, बाजारभाव अशी इतर कारणेही असू शकतात. परंतु विहिरीच्या पाण्याची विद्युत वाहकता तपासण्यासाठी ही खूण पुरेशी आहे.

जिल्ह्याच्या उत्तर भागातील तारापूर औद्योगिक वसाहतीस केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या सर्वंकष पर्यावरण प्रदूषण निर्देशांकात ९३.६९ गुण मिळाले. देशातील औद्योगिक क्षेत्रांत हा सर्वाधिक होता. हा निर्देशांक हवा, पाणी व जमीन यांच्या स्थितीवर आधारित असतो. दूषित पाणी सिंचनास वापरल्यास त्यातील धातूंचा शेवटचा मुक्काम मातीतच होतो.

अन्नसाखळी व आरोग्य

प्रदूषित मातीतील पिकांमध्ये धातूंचे प्रमाण सर्वसाधारणपणे पालेभाज्यांत सर्वाधिक, कंदमुळांत त्याहून कमी व फळे-शेंगांत सर्वांत कमी असते. पालक व माठ यांत कॅडमियम सहज साठतो. तांबे किंवा जस्त फार वाढले तर पीक स्वतःच खुरटते व शेतकऱ्याला इशारा मिळतो. कॅडमियमच्या बाबतीत असा इशारा मिळत नाही. माणसाला अपायकारक ठरणारे प्रमाण झाडाला सहज सोसते. पीक जितके सहनशील, तितका हा धोका अधिक अदृश्य होतो.

जपानच्या तोयामा प्रांतात जिंझू नदीच्या पाण्यावर पिकलेल्या भातातून कॅडमियम पोटात जाऊन हाडे ठिसूळ करणारा 'इताई-इताई' रोग पसरला. वरच्या भागातील खाणीचे पाणी नदीत मिसळत होते. १९६८ मध्ये जपान सरकारने तो प्रदूषणजन्य रोग असल्याचे मान्य केले. आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेनुसार पालेभाजीच्या दर किलोग्रॅममागे कॅडमियमची कमाल मर्यादा ०.२ मिलिग्रॅम व शिशाची ०.३ मिलिग्रॅम आहे. मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांलगत सांडपाण्यावर पिकवल्या जाणाऱ्या पालेभाज्यांविषयी होणारी चर्चा याच प्रश्नाशी संबंधित आहे. भाजी स्वच्छ धुतल्याने पानांवरील धुळीतील शिसे बऱ्याच अंशी निघते; पानांच्या आत साठलेला कॅडमियम धुण्याने किंवा शिजवण्याने नष्ट होत नाही.

वनस्पतींद्वारे मृदाशुद्धी

सहनशील वनस्पतींचा उपयोग करून जमीन सुधारण्याच्या पद्धतींना वनस्पतिजन्य मृदाशुद्धी म्हणतात. अतिसंचयी वनस्पती वाढवून कापून नेणे हा तिचा एक प्रकार. वाळ्यासारख्या खोल व दाट मुळांच्या गवताने माती जखडून ठेवणे, म्हणजे प्रदूषक न काढता त्याचा प्रसार थांबवणे, हा दुसरा. तेल व सेंद्रिय द्रव्यांच्या बाबतीत मुळांभोवतीच्या जिवाणूंकडून विघटन घडवून आणणे हा तिसरा प्रकार होय. चेर्नोबिल परिसरातील तळ्यात किरणोत्सारी मूलद्रव्ये शोषून घेण्यासाठी १९९० च्या दशकात सूर्यफुलाच्या रोपांचा प्रयोग करण्यात आला होता.

या पद्धतीला लागणारा काळ एका हिशेबाने स्पष्ट होतो. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या २० सेंटिमीटर थरातील मातीचे वजन सुमारे २६ लाख किलोग्रॅम धरले, तर तीतील कॅडमियम दर किलोग्रॅममागे १ मिलिग्रॅमने कमी करण्यासाठी २.६ किलोग्रॅम धातू बाहेर काढावा लागेल. अनेक अतिसंचयी वनस्पती आकाराने लहान असतात. वर्षाला २ टन सुके वजन व त्यात दर किलोग्रॅममागे १०० मिलिग्रॅम कॅडमियम गृहीत धरल्यास दरवर्षी २०० ग्रॅम धातू निघेल, म्हणजे १३ वर्षे लागतील. वर्षाला १० टन वाढणाऱ्या परंतु दर किलोग्रॅममागे केवळ ५ मिलिग्रॅम साठवणाऱ्या सामान्य पिकास ५२ वर्षे लागतील. कापलेल्या पिकाची सुरक्षित विल्हेवाट लावणे हेही आवश्यक असते. ते गुरांना घातले, कंपोस्टात टाकले किंवा उघड्यावर जाळले तर प्रदूषण केवळ जागा बदलते. जलपर्णी धातू शोषून घेते हे खरे असले, तरी दूषित पाण्यातील जलपर्णीचे खत भाजीपाल्याला वापरणे याच कारणाने अयोग्य ठरते.

परीक्षण व खबरदारी

केंद्र सरकारने २०१५ साली सुरू केलेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेत मातीची १२ घटकांसाठी तपासणी होते: सामू, विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज व बोरॉन. क्षारतेची माहिती त्यातून मिळते. शिसे, कॅडमियम, आर्सेनिक व पारा यांचा मात्र त्या यादीत समावेश नाही. त्यामुळे पत्रिकेतील नोंदी समाधानकारक असल्या तरी जड धातूंबाबत त्या काही सांगत नाहीत. कचराभूमी, कारखाने, जुने रंगकाम, भंगाराची दुकाने किंवा नाले यांच्या जवळील जमिनीत भाजीपाला घ्यावयाचा असल्यास धातूंसाठी स्वतंत्र परीक्षण करून घ्यावे लागते.

दूषित ठरलेल्या जमिनीत आम्लता असल्यास चुना व भरपूर शेणखत वापरल्याने कॅडमियमसारख्या धातूंची उपलब्धता घटते. पालेभाज्यांऐवजी फळभाज्या, फुले किंवा धाग्याची पिके घेणे अधिक सुरक्षित असते. अंगणातील लहान वाफ्यांसाठी बाहेरून आणलेली निर्मळ माती उंच वाफ्यात वापरता येते. मचूळ विहिरींच्या प्रदेशात पावसाचे पाणी मुरवणे व उपसा मर्यादित ठेवणे हाच मूलभूत उपाय होय. क्षारसहिष्णू वाणांमुळे शेतकऱ्याचे त्या वर्षाचे पीक वाचते; परंतु विहीर खारी होण्याची क्रिया त्यांच्यामुळे थांबत नाही.

हेही पाहा

मृदा प्रदूषण
खारफुटी
खार जमीन
बावखल
जड धातू
वसई-विरार